बोर्डापासून बारा पावलं

१

नाव घेतल्याशिवाय लाइन द्यायची नाही, हा कचरू वायरमनचा कायदा होता. आत काम करणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव घ्यायचं आणि मग काय हवं ते सांगायचं. "कचरू, दे!" बोर्डाजवळ उभ्या असलेल्यानं लाइन द्यायची आणि तसंच नाव घेऊन उत्तर करायचं. "तनुजा, दिली!" लाइन काढायची वेळ आली की "कचरू, काढ!" आणि "तनुजा, काढली!" बिननावाचा आवाज धरायचा नाही, मग तो सख्ख्या आईचा का असेना. आणि बोर्डावर उभं राहिलेल्या माणसानं बोर्ड सोडायचा नाही.

नव्या गिऱ्हाइकांना बापलेकीचा हा प्रकार ऐकून हसू यायचं. एका बाईंनी तर विचारलं होतं, की तुम्ही दोघं वायरिंग करता की हजेरी घेता? कचरू हसण्यावारी न्यायचा. तनुजाला मात्र कधी हसू आलं नाही, कारण हा कायदा तिच्यामुळेच आला होता.

तीन वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात माळा लावायचं काम होतं. तनुजा तेव्हा वीस वर्षांची, आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली, अंगात उत्साह मावत नव्हता. आतून कोणीतरी "दे!" म्हणालं आणि तिनं लाइन दिली. म्हणाला होता मंडपवाल्याचा माणूस, त्याला दोरी हवी होती. कचरूच्या उजव्या हातात त्या वेळी उघडी तार होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही कापावी लागली. त्याच आठवड्यात करंगळीवर हातोडी बसून तिचं नख काळं पडलं होतं. ते काळं नख तनुजाला अजून दिसायचं.

कचरूनं तिला एका शब्दानं दुखावलं नाही. "तुझी काय चूक? आवाजाला नाव नव्हतं," एवढंच म्हणाला आणि बरा झाल्यावर कायदा केला. तेव्हापासून तनुजाला एकच ध्यास होता. आबांचा उरलेला हात शाबूत राहिला पाहिजे, आणि तिच्या आवाजावरचा त्यांचा भरवसाही. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

२

पडेगावात, दौलताबाद रोडपासून जरा आत, विश्वजितचा पत्र्याचा शेड होता. विश्वजित मूळचा इंजिनीअर. नोकरी सोडून त्यानं एक जुनी कॅरव्हॅन घेतली होती आणि तो पाहुण्यांना तीत बसवून वेरूळ-अजिंठा दाखवून आणायचा. आत दोन पलंग, ओटा, टीचभर बाथरूम आणि छतात बसवलेले आठ हॅलोजन.

"कचरूमामा, हे हॅलोजन म्हणजे छताला आठ चुली आहेत," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये माणूस आत शिजतो. सगळे काढून एलईडी बसवा. उद्या सकाळी नागपूरची मंडळी येतायत, म्हणून आजच झालं तर बरं." मग त्यानं शेवटच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "तो बाथरूमच्या दारावरचा तेवढा कधी तापत नाही. तसले आठही असते तर तुम्हाला बोलावलंच नसतं." हसला, शेडची किल्ली दिली आणि शहराकडे निघून गेला.

शेडच्या भिंतीवर बोर्ड होता. तिथून केबल कॅरव्हॅनला जात होती. बोर्डापासून कॅरव्हॅनच्या दारापर्यंत बारा पावलं. तनुजानं ती मोजून ठेवली, कुठंही गेलं तरी मोजायचीच.

त्यांनी आधी सगळे दिवे लावून पाहिले. आठही एकसारखे पिवळे पेटले. पाच मिनिटांत आतली हवा तापली. लाइन काढून कचरू स्टुलावर चढला आणि हाताला फडकं गुंडाळून एकेक हॅलोजन उतरवू लागला. फडक्यातूनसुद्धा चटके बसत होते, तो तोंडानं फुंकर मारत होता आणि मधूनमधून हॅलोजन शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. सात भोकांच्या कडेचं प्लायवूड करपून तपकिरी झालं होतं.

आठव्याला त्यानं सवयीनं फडक्यातला हात लावला. थांबला. फडकं काढून पुन्हा लावला.

"गार हाय की हा."

तनुजानं हात पुढे केला. बल्ब गार होता, माठाला हात लावावा तितका गार.

"मेलेला असंल," कचरू म्हणाला.

"आबा, आत्ता तर लागला होता. उजेड पडला होता त्याचा."

"तू पक्कड दे."

आठव्या भोकाची कड करपलेली नव्हती. उलट गुळगुळीत होती. बाहेरून नाही, आतल्या बाजूनं. दुकानाच्या उंबऱ्याला रोजच्या पायांनी येते तशी झिलई होती तिला. तनुजानं बोट फिरवून पाहिलं आणि लगेच मागे घेतलं. प्लायवूड चांगल्या प्रतीचं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. बाकी सात भोकांचं प्लायवूड त्याच तक्त्यातलं होतं, हा विचार तिनं पुढे जाऊ दिला नाही.

३

हॅलोजनच्या उष्णतेनं जुनी वायर कडक होऊन तडकली होती. ती बदलायचीच होती. छताचा पत्रा आणि खालचं प्लायवूड यांच्यात दोन बोटांची पोकळी होती, दोनच बोटांची, तिसरं बोट घुसत नव्हतं. एकानं एका भोकातून नवी वायर सरकवायची, दुसऱ्यानं पुढच्या भोकात ती पकडायची आणि दोनदा हिसडा द्यायचा. दोन हिसडे म्हणजे मिळाली, आता सोड. बापलेकीला हे काम तोंड न उघडता जमायचं.

सहा भोकं झाली. सातव्यातून आठव्याकडे वायर सरकवताना तनुजा मान वर करून भोकाशी भिडली होती. घाम डोळ्यात जात होता. आबा मागे, आठव्याखाली उभे आहेत, हे तिनं धरूनच चाललं होतं. वायर पुढे गेली, जरा अडली, आणि दोन हिसडे बसले.

तिनं हात सैल केला. वायर पुढे सरकू लागली. हातभर गेली. आणखी हातभर गेली. सातव्यापासून आठव्यापर्यंत अंतर होतं फार तर दीड हात, आणि वायर थांबेचना. कोणीतरी शांतपणे, घाई न करता, ती ओढून घेत होतं.

"आबा, बास! किती ओढायलेत?"

"काय झालं गं?" आवाज बाहेरून आला. कचरू शेडच्या नळावर तोंड धूत होता. ओल्या मिशा पुसत तो दारात आला.

तनुजानं मागे वळून पाहिलं. आठव्या भोकाखाली कोणी नव्हतं. बाथरूमचं दार सताड उघडं होतं आणि आत फक्त बादली होती. तिनं वायर मागे ओढली. ती निमूट परत आली. तिचं टोक सोललेलं होतं आणि तांब्याच्या तारांना पीळ दिलेला होता.

तो पीळ तिनं उजेडात धरून पाहिला. अपघातापासून कचरू डाव्या हातानं तारा पिळायचा, त्याचा पीळ उलटा पडायचा. हा सुलटा होता, घट्ट, एकही तार बाहेर न आलेला. तीन वर्षांपूर्वी आबा असाच पीळ द्यायचे.

"तूच सोललं असशील मघाशी," कचरू म्हणाला. "उन्हाचा भास असतो एकेकदा. पाणी पी."

"आणि हिसडे कोणी दिले?"

"पत्र्याच्या पट्टीत अडकली असंल. सुटताना देते हिसका. दोनदा बी देते."

असेलही. तनुजा पाणी प्यायली आणि तिनं असेलही असं म्हणून घेतलं. माणूस दुसरं काय करणार?

४

एलईडी बसवायला सुरुवात झाली. एक बसवायचा, लाइन घेऊन तपासायचा, लाइन काढायची आणि पुढच्याकडे जायचं. कचरू आत, तनुजा बोर्डावर. दे, दिली. काढ, काढली. सलग चार दिवे सुरळीत लागले. पांढराशुभ्र, थंड उजेड खिडकीतून शेडमध्ये पडायचा आणि विझायचा. तनुजाचा जीव हळूहळू जागेवर आला. या कायद्याची तिला नेहमीच अशी सोबत वाटायची.

पाचव्याला जरा वेळ लागला. तनुजा बोर्डाकडे तोंड करून उभी होती. मग आतून आवाज आला.

"कचरू, दे!"

तिनं बटण खाली पाडलं. "तनुजा, दिली!"

आत उजेड झाला. तेवढ्यात शेडच्या फाटकातून तिचे आबा आत आले. काखेत एलईडीचे खोके होते, बाहेर मोटरसायकलच्या डिकीतून आणलेले.

"कुणाला दिली?" कचरूनं विचारलं.

तनुजानं झटकन लाइन काढली. "तुम्ही... आत्ता तुम्ही आवाज दिला की."

"मी भाईर होतो."

"नाव घेऊन दिला, आबा. तुमचाच आवाज. तुमचाच!"

कचरूचा चेहरा क्षणभर उतरला. तीन वर्षांपूर्वीचं त्यालाही आठवलं असणार. तो तडक कॅरव्हॅनमध्ये शिरला, पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, बाथरूममध्ये डोकावला. कोणी नव्हतं. पाचवा दिवा अर्धाच जोडलेला लोंबत होता. तिथं त्या वेळी कोणाचा हात असता तर?

"पत्र्याचा शेड हाय, आवाज घुमतो," तो बाहेर येऊन म्हणाला. "मघाचाच आवाज तुझ्या कानात बसला असंल. लई वेळ उभी हायेस तू."

"आपण जाऊ, आबा. पाया पडते. उद्या दुसऱ्या कुणाला पाठवा."

"छत उघडं टाकून जाऊ? विश्वजित सायबाला काय सांगू, पोरीला भूत दिसलं?" तो चिडला, मग लगेच नरमला. तिच्या डोक्यावर त्यानं तीन बोटांचा हात ठेवला. "तनू, तुझा आवाज हाय तंवर मला भ्या नाय. तू बोर्डावर हायेस ना? मग झालं."

हे ऐकून तिला रडूच आलं. पण तिनं एक अट घातली. तुम्हाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी लाइन देणार नाही. नुसत्या आवाजावर आता माझा विश्वास नाही. कचरू म्हणाला, बरं बाई, तसं कर. तिनं त्याच्या खिशातला टेस्टरही मागून घेतला आणि बोर्ड दोनदा तपासला. बोर्डात काही खोट नव्हती. टेस्टर तिच्याच खिशात राहिला.

५

पाचवा, सहावा, सातवा. प्रत्येक वेळी "कचरू, दे!" आलं की तनुजा खिडकीपर्यंत पळत जायची, आबांना पाहायची, पळत परत यायची आणि मग लाइन द्यायची. कचरू आतून हसत होता. "पळून पळून बारीक होशील!" काढायच्या वेळी पळायची गरज नव्हती. लाइन काढल्यानं कोणाचं काही बिघडत नाही.

आठवा राहिला. कचरूनं लाइन मागितली. सात दिव्यांच्या उजेडात आठव्याचं फिटिंग कुठं बसतंय ते त्याला आधी पाहायचं होतं, मग लाइन काढून तारा जोडायच्या होत्या. तनुजानं खिडकीतून पाहिलं, परत येऊन लाइन दिली.

आणि तिनं बोर्ड सोडला.

का सोडला, हे तिला नंतर हजारदा विचारावंसं वाटलं, स्वतःलाच. आठव्या भोकाखाली आबा एकटे आहेत, हे तिला सहन होईना, एवढंच खरं. लाइन चालू होती, आबांना ते माहीत होतं, ते काही हात लावणार नव्हते. तोवर नजर ठेवू, असं म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत सात पांढरे दिवे लख्ख जळत होते. कचरू स्टुलावर चढला होता आणि त्याचं तोंड आठव्या भोकाकडे होतं, ते काळं, उघडं. भोकातून नव्या वायरीची दोन सोललेली टोकं लोंबत होती.

"कचरू, काढ!" तो वर बघतच ओरडला.

तनुजा वळली. बारा पावलं. चार पावलं ती धावली असेल, आणि समोरून, बोर्डाजवळून, रिकाम्या भिंतीपासून आवाज आला.

"तनुजा, काढली!"

तो तिचा आवाज होता. अगदी तिचाच, शेवटी जरा वर जाणारा, आबा चिडवायचे तसा. तिचे ओठ मिटलेले होते. बोर्डापाशी कोणी नव्हतं आणि बटण खालीच होतं, चालू. मागे खिडकीतला उजेड तसाच होता, पण स्टुलावरच्या माणसाला सात दिव्यांकडे पाहायची काय गरज? त्यानं नाव ऐकलं होतं.

पुढे पळावं की मागे वळावं? ती वळली. आजही तिला ते समजत नाही. तिनं जीव खाऊन किंकाळी फोडली.

"आबा, हात लावू नका! लाइन चालू हाय! आबा!"

कचरूची मान जराशी हलली. त्यानं ऐकलं, हे तिनं पाहिलं. ऐकलं आणि धरलं नाही. त्याचा उजवा हात वर गेला. तारेची टोकं त्याच्या हातापासून अजून वीतभर लांब होती, आणि तेवढ्यात ती खाली आली. कोणीतरी ती वरून पुढे केली. भोकाच्या गुळगुळीत कडेवरून, दोन बोटांच्या पोकळीतून, दोन बोटं बाहेर आली होती. चिमटीत तार धरून ती आबांच्या हातात देत होती, रोज हत्यारं द्यावीत तशी सहज. त्यातल्या करंगळीचं नख काळं होतं.

तनुजा बोर्डाकडे धावली तेव्हा आत स्टूल कोसळल्याचा आवाज झाला.

६

कचरू वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. उजवा हात मात्र मनगटापासून काढावा लागला.

विश्वजित तीन दिवस हॉस्पिटलच्या चकरा मारत होता. बिचारा पुनःपुन्हा म्हणायचा, "तनुजा, तू स्वतःला दोष देऊ नकोस." यावरून लोक काय समजून बसले आहेत, ते तिला कळलं. तिनं कोणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय आणि कोणत्या तोंडानं? फक्त आबांना सांगायचं होतं. बाकी कोणी विश्वास ठेवला नाही तरी चालेल, पण आबांनी ठेवायला हवा होता. त्यांचा हात गेल्यावर तिच्याकडे आता जे उरलं होतं ते एवढंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती खालच्या दुकानातून औषधं घेऊन वर आली. जिन्यावर गर्दी होती, तिला अर्धा तास लागला. वॉर्डात पंखे गरगरत होते. कचरू उशीला टेकून बसला होता, पहिल्यांदाच जरा हुशारीत. बँडेजमधला हात पोटावर ठेवला होता.

तनुजा स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली. सगळं धैर्य गोळा केलं. ती म्हणाली, "आबा, मी काढली म्हणाले नव्हते. मी बोर्डाजवळ नव्हतेच. मी ओरडले होते, हात लावू नका म्हणून."

कचरूनं मान हलवली. "आयकलं मी. दोन आवाज आले. एकानं नाव घेतलं. दुसऱ्यानं नाय घेतलं. आपला कायदा हाय ना तनू? मी नाववाला धरला."

इतक्या वर्षांत रोज ज्या तीन अक्षरांचा आधार घेतला, ती तीन अक्षरं त्या एका वेळी तिच्या तोंडात आली नव्हती. ती हुंदके देऊ लागली. मग डोळे पुसून तिनं ते बरोबर म्हटलं, आता उशीर झाला तरी, नीट, कायद्यानं.

"तनुजा," ती म्हणाली. "तनुजा. ते मी नव्हते, आबा."

कचरू तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. त्यानं डाव्या हातानं तिचे डोळे पुसले.

"अगं, आत्ता घडीभरापूर्वी तूच तर इथं बसली होतीस," तो म्हणाला. "नाव घेऊन सांगून गेलीस, चूक माझीच हाय आबा म्हणून. मी तुला माफ बी केलं. मग आता परत का रडायलीस?"